जुन्या ४८६ मध्ये काय बदलले आणि काय तसेच ठेवले

गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी माझ्या टेबलावर एक जुना ४८६, म्हणजे ४८६ जातीच्या प्रोसेसरवर चालणारा, संगणक झाकण काढून ठेवलेला असतो. आडवी पेटी, समोर वेग कमी-जास्त करणारे टर्बोचे बटन, कुलपाची छोटी किल्ली आणि दोन हिरवे आकडे दाखवणारी पट्टी, असे त्याचे रूप आहे. मदरबोर्डावरील बहुतेक चिपांवर ९३ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक छापलेला आहे. त्यातले पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात. सर्वांत उशिराची चिप ९३२६ ची, म्हणजे १९९३ च्या सव्विसाव्या आठवड्यातली आहे, तेव्हा हे यंत्र त्या वर्षाच्या उत्तरार्धात जुळवले गेले असावे. इंटेलचा ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स२ प्रोसेसर, आठ एमबी मेमरी, २५६ केबी कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असणारी छोटी, वेगवान मेमरी), ४२० एमबीची हार्ड डिस्क आणि व्हेसा लोकल बस या जलद जोडणीच्या लांबलचक खाचेत बसवलेले डिस्प्ले कार्ड, एवढा त्याचा मूळ संसार.

ते हाती आले तेव्हा सुरूच होत नव्हते. दुरुस्त करायचे आणि मग जेवढे वाढवता येईल तेवढे वाढवायचे, असे मी ठरवले; मात्र पहिला स्क्रू काढण्याआधी एक अट घालून घेतली. दुरुस्ती कायमची असली तरी चालेल, पण बदल मात्र प्रत्येक असा असावा की मूळ भाग परत बसवून यंत्र होते तसे करता यावे. त्या काळचे बोर्ड या अटीला फार सोयीचे असतात. प्रोसेसरला सॉकेट, कॅशच्या चिपांना सॉकेट, डिस्प्ले कार्डावरच्या मेमरीला सॉकेट, खुद्द बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ कार्यक्रमाच्या, चिपलाही सॉकेट. ज्याने हा बोर्ड आखला त्याने यातले काय काय उद्या बदलले जाईल याचा विचार आधीच करून ठेवला होता. म्हणून जिथे सॉकेट आहे तिथे हात घालायचा आणि जिथे डाग देऊन पक्के केलेले आहे तिथे दुरुस्तीखेरीज जायचे नाही, असा माझा सरळ हिशेब होता.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून केली, आणि जुने यंत्र हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तिथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कुतूहलापोटी आधी बटन दाबून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. एटी या जुन्या पद्धतीच्या वीजपुरवठ्यात मेन्सचा प्रवाह एका जाड केबलमधून थेट पेटीच्या दर्शनी बटनापर्यंत येतो, ही गोष्ट नव्या संगणकांची सवय असलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही, कारण नव्या यंत्रांत ते बटन केवळ एक इशारा पाठवत असते. शिवाय २३० व्होल्टच्या मेन्सवर आतील मुख्य कपॅसिटरांवर मिळून सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसेच राहतात. मी प्लग काढून एक दिवस थांबलो, मीटर लावून खात्री केली आणि मगच पेटी उघडली. मेन्सच्या प्रवेशापाशी गाळणीसाठी बसवलेला धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचा कपॅसिटर होता. त्याच्या पिवळसर पारदर्शक आवरणावर केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या दिसत होत्या. या चिरांतून वर्षानुवर्षे दमट हवा आत शिरते, आणि मग एके दिवशी वीज देताच तो धूर आणि उग्र वास सोडून फुटतो. त्याच्या जागी त्याच मूल्याचा, एक्स२ या मेन्ससाठीच्या वर्गाचा, प्लास्टिक फिल्मचा कपॅसिटर लावला, आणि खालून ओलसर दिसणारे चार इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांच्या प्रतीचे घालून बदलले. बोर्ड न जोडता, एका निकामी हार्ड डिस्कचा भार देऊन सर्व व्होल्टेज तपासले. पाच व्होल्टची वाहिनी ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत स्थिर राहिली तेव्हाच पुढे गेलो. बोर्डाला जाणाऱ्या पी८ आणि पी९ या दोन जोडण्या एकमेकींच्या जागी बसू शकतात आणि तसे झाले तर बोर्ड जळतो. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी शेजारी आल्या पाहिजेत, हे लक्षात ठेवले की चूक होत नाही.

यंत्र सुरू न होण्याचे कारण मात्र वेगळेच होते. कीबोर्डाच्या गोल सॉकेटजवळ ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली होती, तीन चकत्या एकावर एक ठेवून बांधलेल्या लहानशा पिंपासारखी. घड्याळ आणि सेटिंग जपण्यासाठी ती असते आणि यंत्र चालू असताना तिला बोर्डाकडूनच चार्जिंग मिळते. या बॅटऱ्या पुढे गळतात, आणि त्यातून निघणारे अल्कली तांब्याला खात जाते. माझ्या बोर्डावर हातभर नव्हे, पण चांगली चार बोटे जागा हिरवट-निळ्या सायीने भरलेली होती. बॅटरी काढली, पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने ती जागा मऊ ब्रशने घासली, म्हणजे अल्कलीचा जोर मोडतो, मग डिस्टिल्ड पाण्याने धुतली आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन दिवस वाळू दिली. भिंग घेऊन पाहिले तेव्हा खरी हानी दिसली. हिरव्या थराखालून अल्कली केशिकेसारखे सरकत गेले होते, आणि वरून धड दिसणारी कीबोर्ड कंट्रोलरकडे जाणारी एक रेघ आतून पूर्ण तुटली होती. मीटरचे एक टोक चिपच्या पायावर आणि दुसरे सॉकेटवर ठेवून एकेक रेघ मोजत गेलो. तुटलेल्या तीन निघाल्या. दोन्ही बाजूंचा थर फायबरच्या पेनाने खरवडून, उघड्या तांब्याला कल्हई देऊन, केसाहून थोडी जाड वायर प्रत्येक रेघेच्या वळणानुसार वाकवून डाग दिला. या कामात सगळी संध्याकाळ गेली, पण दुसऱ्या दिवशी वीज दिल्यावर मेमरी मोजली गेल्याची टिकटिक ऐकू आली आणि कीबोर्डावरचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकले, तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत मांडता येणार नाही.

नवी बॅटरी बोर्डावर बसवली नाही. अशा बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पायांची एक जोडणी असते. तिथून वायर काढून सीआर२०३२ नाण्याचा सेल पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर, बोर्डापासून दूर लावला. या सेलला चार्जिंग मिळणे धोक्याचे असते, म्हणून वायरीच्या मध्ये एक शॉटकी डायोड घातला. साधा सिलिकॉन डायोड घातला तर तीन व्होल्टांतले बरेच त्यातच खर्ची पडतात; शॉटकीत ते नुकसान फार कमी होते. त्या दिवसापासून घड्याळ बिनचूक चालले आहे.

आता वाढीकडे वळतो. मेमरीसाठी या बोर्डावर ३० पायांच्या सिमच्या, म्हणजे मेमरीच्या छोट्या पट्ट्यांच्या, आठ खाचा आहेत. एक सिम एका वेळी आठ बिट देते आणि ४८६ ला ३२ बिट लागतात, म्हणून चार-चार सिमांचा संच एकत्रच बसवावा लागतो. तीन बसवून भागत नाही. एक एमबीच्या आठ काढून चार एमबीच्या आठ बसवल्या आणि मेमरी ३२ एमबी झाली. याहून जास्त बसवता आली असती, पण ३२ वर थांबण्यामागे कारण आहे. कॅश म्हणजे मंद मेमरीतील हाताशी ठेवलेला भाग, आणि त्यात कोणत्या पत्त्याचा मजकूर आहे याची खूण ठेवायला वेगळी टॅग चिप असते. माझ्या बोर्डावर तिची रुंदी आठ बिट आहे. त्यातील एक बिट ‘ही ओळ बदललेली आहे’ एवढीच नोंद ठेवण्यात जातो आणि सात बिट पत्त्याला उरतात. सात बिटांत १२८ खुणा होतात, आणि २५६ केबीची १२८ पट म्हणजे बरोबर ३२ एमबी. त्यापलीकडे बसवलेली मेमरी चालते खरी, पण तिला कॅशचा आधार मिळत नाही आणि तो भाग रखडतच चालतो. मेमरी वाढवल्यावर यंत्र उलट मंद झाले, अशी तक्रार ज्यांनी केली त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते.

त्या काळच्या काही बोर्डांवर आत सिलिकॉनच नसलेल्या, नुसत्या प्लास्टिकच्या कॅश चिपा बसवून बायोसकडून खोटा आकडा दाखवला जात असे, म्हणून माझी कॅश खरी आहे का हे मी तपासून घेतले. लहान तुकड्यापासून सुरू करून मेमरीचा मोठा मोठा तुकडा वाचत जायचे आणि वेग पाहायचा. आठ केबीच्या पुढे तो एकदा घसरतो, कारण तेवढी कॅश डीएक्स२ च्या पोटातच असते, आणि २५६ केबीच्या पुढे पुन्हा एकदा घसरतो. दुसरी पायरी दिसली म्हणजे चिपा खऱ्या.

प्रोसेसरचा विषय सर्वांत रंगतदार, म्हणून त्यावर सवडीने लिहितो. ४८६ साठी पुढे आलेले पर्याय तीन. इंटेलचा डीएक्स४, १९९४ मधला, १०० मेगाहर्ट्झचा. पेंटियम ओव्हरड्राइव्ह, ८३ मेगाहर्ट्झचा. आणि एएमडीचा एएम५एक्स८६, १९९५ च्या अखेरीस आलेला, १३३ मेगाहर्ट्झचा. ओव्हरड्राइव्हला बाहेरच्या बाजूने पायांची आणखी एक रांग असते आणि माझ्या बोर्डाचा सॉकेट जुन्या लहान मापाचा आहे, तेव्हा तो पर्याय आपोआप बाद झाला. उरलेल्या दोघांत एएम५एक्स८६ ची ओढ मला अधिक होती. नावात ५ असला तरी तो आतून ४८६ च आहे. आतील कॅश आठऐवजी सोळा केबी आणि बोर्डाच्या ३३ मेगाहर्ट्झची चौपट करून चालण्याची क्षमता, एवढा त्याचा विशेष आहे, आणि म्हणूनच तो मला या यंत्राच्या घराण्यातला वाटतो.

अडचण व्होल्टेजची होती. बोर्डाचा सॉकेट फक्त पाच व्होल्ट देतो आणि या चिपला ३.४५ व्होल्ट लागतात. थेट बसवली तर काही क्षणांत ती कायमची जाईल. यावर त्या काळीच निघालेला उपाय म्हणजे मधला सॉकेट: खालून बोर्डात बसणारा, वर प्रोसेसर घेणारा, आणि कडेला छोटा रेग्युलेटर असलेला. रेग्युलेटर साधा असेल तर पाच आणि ३.४५ मधील फरक उष्णतेच्या रूपाने जातो, म्हणजे दर अँपिअरमागे सुमारे दीड वॅट, म्हणून त्याच्या पत्र्यालाही हवा लागली पाहिजे याची काळजी घ्यावी लागते. मधल्या सॉकेटमुळे प्रोसेसर उंच होतो. त्यावर हीटसिंक आणि पंखा चढवल्यावर आडव्या पेटीत फ्लॉपीच्या चौकटीखाली जेमतेम बोटभर जागा उरली. बसवताना चिपचा कापलेला कोपरा आणि सॉकेटवरची खूण तीनदा जुळवून पाहिली. बोर्डाचा वेग किती पट करायचा हे ठरवणारा जंपर (दोन पाय जोडणारी छोटी टोपी) लावताना एक गोष्ट ठाऊक असावी लागते: या चिपला दुपटीचा इशारा दिला की ती तो चौपटीचा समजते. दुपटीवर जंपर ठेवला आणि ३३ ची चौपट होऊन यंत्र १३३ वर सुरू झाले. बायोस या चिपच्या आधीचा असल्यामुळे तिचे नाव त्याला सांगता आले नाही. तो तिला डीएक्स४ म्हणतो, आणि त्याने काही बिघडत नाही.

यानंतर जे घडले ते सविस्तर सांगतो, कारण असेच कोणाचेही होऊ शकते. मधल्या सॉकेटवर आणखी एक जंपर होता, प्रोसेसरच्या पोटातील कॅश कोणत्या पद्धतीने चालावी हे ठरवणारा. एका पद्धतीत प्रोसेसर जे लिहितो ते आपल्या कॅशमध्ये आणि मेमरीत एकाच वेळी लिहितो, तिला राइट-थ्रू म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत तो आधी फक्त आपल्या कॅशमध्ये लिहून ठेवतो आणि सवडीने मेमरीत उतरवतो, ती राइट-बॅक. पहिल्यात प्रत्येक व्यवहार ताबडतोब पक्क्या वहीत चढतो. दुसऱ्यात तो कच्च्या वहीत राहतो आणि दिवसाअखेर पक्क्या वहीत जातो. दुसरी पद्धत वेगवान असते, म्हणून मी जंपर राइट-बॅकवर लावला. यंत्र सुरू झाले, डॉस ही जुनी कार्यप्रणाली आली, हार्ड डिस्कवरचे सर्व कार्यक्रम चालले. मी झाकण लावले.

दोन दिवसांनी काही फाइली फ्लॉपीवर उतरवून दुसऱ्या यंत्रावर नेल्या तेव्हा त्यातली एकही धड उघडेना. संशय अर्थातच फ्लॉपी ड्राइव्हवर गेला. डोके साफ केले, फ्लॉपी बदलली, केबल बदलली, शेवटी ड्राइव्हच बदलला, चूक तशीच. दरम्यान साउंड कार्डातून येणाऱ्या आवाजात अधूनमधून बारीक तडतड होऊ लागली होती, पण ती वेगळी भानगड असेल असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले. अखेर मूळ फाइल आणि फ्लॉपीवरची फाइल बाइट-बाइट ताडून पाहिली आणि फरकांची यादी कागदावर छापून घेऊन बसलो. बिघडलेले बाइट इतस्ततः विखुरलेले नव्हते. ते सोळा-सोळाच्या गटांनी होते: सोळा बिघडलेले, मग लांबवर सगळे ठीक, मग पुन्हा सोळा किंवा बत्तीस बिघडलेले. आणि बिघडलेल्या जागी निरर्थक कचरा नव्हता. तिथे त्याआधी उतरवलेल्या फाइलीचे तुकडे होते.

सोळा बाइट म्हणजे ४८६ च्या आतील कॅशची एक ओळ. हे ध्यानात आले आणि सगळे कोडे उलगडले. हार्ड डिस्ककडे जाणारा मजकूर या यंत्रात प्रोसेसर स्वतः हाताने उचलून देतो, त्यामुळे तो नेहमी आपल्या ताज्या नोंदीच वापरतो. फ्लॉपी आणि साउंड कार्ड मात्र डीएमए वापरतात, म्हणजे प्रोसेसरला न विचारता परस्पर मेमरीतून मजकूर उचलतात. राइट-बॅक चालू असताना ताजी नोंद अजून प्रोसेसरच्या कच्च्या वहीत असते आणि मेमरीत जुनीच राहिलेली असते. डीएमए ती जुनी नोंद उचलून फ्लॉपीवर लिहून मोकळा होतो. या पद्धतीसाठी आखलेल्या बोर्डांत अशा वेळी आधी प्रोसेसरला विचारले जाते आणि त्याने ताजी नोंद मेमरीत उतरवेपर्यंत डीएमएला थोपवून धरले जाते. १९९३ च्या माझ्या बोर्डाला ते विचारण्याची वाटच नाही, कारण तो आखला गेला तेव्हा त्यात बसणारे प्रोसेसर आतून राइट-थ्रू पद्धतीनेच चालत. जंपर परत फिरवला आणि फ्लॉपी व आवाज दोन्ही त्याच क्षणी निर्दोष झाले. वेगात थोडी घट झाली असेल; ती मला मान्य आहे. ज्या यंत्रावर लिहिलेले खरे राहील याचा भरवसा नाही त्याचा वेग कोणाच्या कामाचा?

या प्रकरणानंतर मी प्रत्येक बदलानंतर एकच एक चाचणी न करता हार्ड डिस्क, फ्लॉपी, आवाज आणि नेटवर्क या चारही वाटांनी मोठी फाइल नेऊन आणून ताडून पाहतो, आणि दोन बदल एका दिवशी करत नाही.

हार्ड डिस्क जुनी असली तरी चालत होती, पण तिचा आवाज दर आठवड्याला थोडा वेगळा येत होता, आणि हे लक्षण चांगले नसते. तिच्यावरचा सगळा मजकूर आधी काढून ठेवला. त्यासाठी एनई२००० जातीचे नेटवर्क कार्ड बसवले आणि डॉससाठी लिहिलेला एमटीसीपी हा कार्यक्रमसंच वापरला. तीन दशकांपूर्वीच्या यंत्रावरून फाइली केबलने थेट घरातल्या नव्या संगणकावर जाताना पाहणे मला अजूनही फार सुखावते. मग डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवले. हे कार्ड आयडीईची, म्हणजे हार्ड डिस्क जोडण्याच्या पद्धतीची, भाषा मुळातच बोलते, त्यामुळे मधला अडॅप्टर म्हणजे केवळ एका आकाराचे पाय दुसऱ्या आकाराला जोडणारी पट्टी असते. त्यात भाषांतर करणारी चिप लागत नाही.

कार्ड चार जीबीचे होते आणि बायोसला त्यातले ५०४ एमबीच दिसत होते. ही मर्यादा दोन नियमांच्या भांडणातून आलेली आहे. डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी सांगतात. बायोसच्या पद्धतीत सिलिंडर १०२४ पर्यंतच मोजता येतात आणि सेक्टर ६३ पर्यंत. आयडीईच्या पद्धतीत हेड सोळाच असतात. दोघांनाही मान्य होईल असे पाहिले तर १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ एवढेच सेक्टर हाती येतात, आणि प्रत्येकी ५१२ बाइट धरून ते ५०४ एमबी भरतात. यातून सुटायला मूळ बायोस चिपला हात लावायची गरज पडली नाही. नेटवर्क कार्डावर बूट रॉमसाठी, म्हणजे यंत्र सुरू होतानाच चालणाऱ्या कार्यक्रमाच्या चिपसाठी, एक रिकामा सॉकेट असतो. त्यात एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस हा मुक्त स्रोताचा कार्यक्रम आठ केबीच्या ईप्रॉम चिपमध्ये भरून बसवला. यंत्र सुरू होताना तो डिस्कचा कारभार आपल्या हाती घेतो आणि मोठी कार्डे नीट ओळखतो. डॉस ६.२२ मध्ये एक विभाग दोन जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून कार्डाचे दोन विभाग केले. एक काळजी मात्र घ्यावी: ही रॉम ज्या पत्त्यावर बसते तो भाग ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या कार्यक्रमाने मोकळी जागा समजून वापरू नये म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये तो वगळल्याचे स्पष्ट लिहावे. माझ्याकडे तो डी००० पासून डी१एफएफ पर्यंत आहे.

मूळ हार्ड डिस्क पेटीत आपल्या जागीच स्क्रूने बसवलेली आहे. फक्त तिची वीज आणि केबल काढून ठेवली आहे. ती सुरू होताना येणारी चढत जाणारी शीळ आणि काम करतानाची बारीक खरखर आता ऐकू येत नाही, आणि तिची उणीव मला जाणवते. फाइल शोधली जात आहे हे पूर्वी कानांना कळे. आता शांततेत थांबावे लागते.

डिस्प्ले कार्डाच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. त्यावर ५१२ केबी मेमरी होती आणि रिकाम्या सॉकेटांत आणखी दोन चिपा बसवून ती एक एमबी केली, त्यामुळे १०२४ बाय ७६८ ठिपक्यांवर २५६ रंग दिसू लागले, ज्यासाठी ७,८६,४३२ बाइट लागतात. कार्ड बदलून पाहिले नाही. साउंड ब्लास्टर १६ आधीपासूनच होते. त्यावर यामाहाची खरी ओपीएल३ ही संगीताची चिप आहे, आणि जुन्या खेळांतील संगीत तिच्यातून जसे उमटते तसे अनुकरण करणाऱ्या चिपांतून उमटत नाही, असे माझ्या कानांचे मत आहे. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ आणि ५ हीच त्याची जंपरांची मांडणी कायम ठेवली, कारण बहुतेक खेळ न विचारता तिथेच आवाज शोधतात.

पेटी पिवळी पडली आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की असे प्लास्टिक पुन्हा उजळते, आणि अनेकांनी ते फार सुंदर केलेले मी पाहिले आहे. मी ते करणार नाही. पेरॉक्साइड असमान लागले तर ढगाळ पट्टे उमटतात आणि ते काही केल्या परत जात नाहीत, आणि परत फिरवता न येणारा बदल करायचा नाही हे तर मी आधीच ठरवले होते. साबणाच्या कोमट पाण्याने धुतली एवढेच.

राहता राहिली दर्शनी पट्टीवरच्या आकड्यांची गोष्ट. टर्बो दाबलेले असताना तिथे ६६ दिसे आणि सोडल्यावर एलओ ही अक्षरे. ही पट्टी वेग मोजत नाही. आकड्याची प्रत्येक रेघ मागच्या बाजूला असलेल्या एकेका जंपरने ठरते, आणि यंत्र जुळवणाऱ्याने जे लावले असेल ते ती दाखवते. प्रोसेसर १३३ वर गेल्यावर ६६ चुकीचा ठरला, आणि दोन आकड्यांच्या पट्टीवर १३३ मावत नाही. काही लोक अशा वेळी एचआय ही अक्षरे लावतात. मी बराच विचार केला. प्रोसेसर आपल्या पोटात चौपट वेगाने चालतो, पण मेमरी, कॅश, डिस्प्ले कार्ड, सगळा बोर्ड आजही त्याच्याशी ३३ मेगाहर्ट्झनेच बोलतो. गणिताचे काम झपाट्याने होते आणि पडद्यावर चित्र उतरण्याचा वेग जवळपास पूर्वीचाच राहतो, तो यामुळेच. म्हणून पट्टीवर ३३ लावायचे ठरवले.

सहाच्या आकड्याचा तीन करायला डावीकडच्या दोन्ही उभ्या रेघा विझवाव्या लागतात आणि उजवीकडची वरची उभी रेघ पेटवावी लागते. म्हणजे एका आकड्याला तीन जंपर, दोन आकड्यांना सहा. टर्बो सोडल्यावर एलओ दिसत राहावे म्हणून विझवलेल्या रेघा कायमच्या बंद न करता फक्त टर्बोच्या वेळी बंद राहतील अशा लावल्या. चिमट्याने सहा जंपर हलवले, मूळ मांडणीचे चित्र कागदावर काढून तो कागद जुन्या प्रोसेसरसोबत एका पाकिटात घातला, आणि ते पाकीट पेटीच्या आत हार्ड डिस्कच्या शेजारी चिकटवून झाकण लावले.